अलार्म बंद असताना चोरी झाली तर क्लेम मिळतो का?

प्रश्न असा आहे: घराच्या विम्याचा अर्ज भरताना 'घरात घरफोडीविरोधी अलार्म आहे का?' या रकान्यात 'हो' लिहिलं आणि हप्त्यात सूट मिळाली. पुढे पॉलिसी नीट वाचल्यावर लक्षात आलं की घर रिकामं असेल तेव्हा अलार्म चालू असलाच पाहिजे आणि त्याची देखभाल करारावर झाली पाहिजे, अशी अट आहे. घरात मांजर आहे. तिच्यामुळे अलार्म उगाच वाजतो, म्हणून बरेचदा तो लावलाच जात नाही. अशा वेळी चोरी झाली तर क्लेम बुडाला का? आणि उद्या आग लागली तर अलार्मचं कारण पुढे करून तोही नाकारतील का?

सरळ उत्तर आधी देतो. घर रिकामं, अट स्पष्ट, अलार्म बंद आणि त्याच वेळात घरफोडी, असं असेल तर क्लेम नाकारला जाण्याची शक्यता मोठी आहे आणि बहुतेकदा कंपनीची बाजू भक्कम असते. स्वयंपाकघरातल्या आगीचा, फुटलेल्या पाइपचा किंवा वादळाचा क्लेम त्या कारणाने सहसा अडत नाही, अडू नये. पण या दोन टोकांच्या मधे बरीच जागा आहे आणि खरे वाद तिथेच होतात.

घरफोडीनंतर घरी जाऊन नुकसानीची पाहणी करणं हे माझं काम आहे. दरवाजा कसा तोडला, काय गेलं हे लवकर समजतं. फाइल अडकते ती विमा घेताना घरमालकाने काय कबूल केलं होतं, या मुद्द्यावर. म्हणून आधी तुमच्या कागदांत अलार्मचा उल्लेख नेमका कुठे आहे ते शोधा. तो वेगवेगळ्या जागी असू शकतो आणि प्रत्येक जागेचा परिणाम वेगळा.

पहिली जागा म्हणजे अर्ज. 'अलार्म आहे का?' याचं 'हो' हे त्या दिवशीच्या वस्तुस्थितीबद्दलचं विधान आहे. अलार्म खरोखर बसवलेला आणि चालू स्थितीत होता, तर ते उत्तर खरं ठरतं. तो रोज लावीन असं वचन त्यात आपोआप येत नाही. प्रश्नच 'घर रिकामं असताना अलार्म लावता का?' असा असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. चुकीच्या उत्तराचं काय होतं हे देशादेशाच्या कायद्यावर अवलंबून आहे. इंग्लंडमध्ये २०१२ च्या ग्राहक विमा कायद्याने याची वर्गवारी केली. हलगर्जीपणाने चुकीचं उत्तर दिलं असेल आणि खरं कळलं असतं तर कंपनीने फक्त जास्त हप्ता घेतला असता, तर क्लेम त्या प्रमाणात कमी होतो. १०० च्या जागी ८० भरले असतील तर क्लेमचेही ८० टक्के. उत्तर जाणूनबुजून खोटं दिलं असेल, तर कंपनी पॉलिसीच रद्द करू शकते आणि हप्ता परत देण्याचंही तिच्यावर साधारणपणे बंधन नसतं.

दुसरी जागा शेड्यूलला (तुमच्या विम्याचा तपशील असलेल्या पानाला) जोडलेलं एंडोर्समेंट, म्हणजे जादा अट. सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी वाचली जाणारी. छापील पुस्तिका सगळ्यांना सारखीच मिळते, पण शेड्यूल तुमच्या घराचं असतं. त्यावर शेवटी एखादा क्रमांक किंवा 'सुरक्षा अट लागू' एवढीच ओळ असते आणि तिचा पूर्ण मजकूर पुस्तिकेच्या मागच्या पानांवर. ती ओळ असेल तर तुम्ही वचन दिलेलं आहे: अलार्म लावीन, तो दुरुस्त ठेवीन, देखभालीचा करार चालू ठेवीन, कंपनीला विचारल्याशिवाय त्यात बदल करणार नाही. कुलपांचीही अशीच अट असते. ब्रिटिश पॉलिसींमध्ये बाहेरच्या मुख्य दाराला बीएस ३६२१ या ब्रिटिश मानकाचं पाच लिव्हरचं मॉर्टिस (दाराच्या जाडीत बसवलेलं) कुलूप आणि तळमजल्यावरच्या खिडक्यांना किल्लीची कुलपं, अशी मागणी ठरलेली असते. इथे एक बारकावा सुटतो. अटीत कुलूप 'बसवलेलं' असावं म्हटलंय की घराबाहेर पडताना 'लावलेलं' असावं? लॅचचं दार नुसतं ओढून घेऊन गेलात तर दुसऱ्या प्रकारची अट मोडते, दाराला कितीही चांगलं कुलूप असलं तरी.

तिसरी जागा सर्वसाधारण अटींमधली: 'विमाधारकाने वाजवी काळजी घ्यावी.' हिला लोक उगाच घाबरतात. एंडोर्समेंट नसताना, एखाद्या दिवशी अलार्म लावायला विसरलात म्हणून या वाक्याच्या जोरावर क्लेम नाकारणं कंपनीला कठीण जातं. इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे १९९३ मध्ये एक प्रकरण आलं होतं. प्रवासाला निघालेल्या कुटुंबाने गाडी उभी करून किल्ला पाहायला जाताना दागिने गाडीच्या कुलूपबंद कप्प्यात ठेवले आणि ते चोरीला गेले. न्यायालयाने म्हटलं की काळजीची अट मोडायला साधी चूक पुरत नाही. धोका कळत असताना त्याची पर्वा न करणं, इतकं बेफिकीर वागणं लागतं. क्लेम मंजूर झाला. विसरणं वेगळं आणि 'चोरी झाली तर होऊ दे, विमा आहे' असं वागणं वेगळं. तुमच्या बाबतीत मांजरीमुळे अलार्म बरेचदा मुद्दामच लावला जात नाही आणि एंडोर्समेंटही आहे असं दिसतं. विसरण्याचा बचाव तुम्हाला मिळणार नाही.

आता आगीच्या क्लेमबद्दल, कारण यामागे मोठा इतिहास आहे आणि तो कळला की आपला हक्क मागता येतो.

विम्यातली 'वॉरंटी', म्हणजे विमाधारकाने दिलेलं पक्कं वचन, समुद्रावरच्या व्यापारातून आली. १७८६ मध्ये इंग्लंडमध्ये एका जहाजाचा खटला निकाली निघाला. लिव्हरपूलहून निघताना जहाजावर किमान ५० माणसं असतील अशी वॉरंटी होती. निघाली ४६. काही तासांतच वाटेत आणखी ६ घेतली, म्हणजे संख्या ५२ झाली. जहाज गेलं ते पुढे कधीतरी, शत्रूच्या हाती पडून. त्या चार माणसांचा नुकसानीशी काडीचाही संबंध नव्हता, तरी विमा देणारा सुटला. वॉरंटी म्हणजे शब्दशः पाळायची गोष्ट, ती महत्त्वाची असो वा नसो. १९०६ च्या सागरी विमा कायद्यात हेच तत्त्व लेखी आलं आणि घराच्या, दुकानाच्या पॉलिसींनाही लावलं गेलं. अलार्मचा करार संपला म्हणून पुराचा क्लेम नाकारता येईल, अशी ती तलवार होती.

ती बोथट व्हायला शंभराहून अधिक वर्षं लागली. इंग्लंडचा २०१५ चा विमा कायदा १२ ऑगस्ट २०१६ पासून लागू झाला. त्याच्या ११ व्या कलमानुसार, एखादी अट ठरावीक प्रकारचा, ठरावीक जागेचा किंवा ठरावीक वेळेचा धोका कमी करण्यासाठी असेल आणि ती मोडल्यामुळे प्रत्यक्षात झालेल्या नुकसानीचा धोका वाढणं शक्यच नव्हतं असं विमाधारकाने दाखवलं, तर कंपनीला त्या अटीआड लपता येत नाही. अलार्मची अट चोरीसाठी, पुराचा तिच्याशी संबंध नाही. ऑस्ट्रेलियात १९८४ च्या विमा करार कायद्याचं ५४ वं कलम याच दिशेने जातं. घरगुती ग्राहकांसाठी ब्रिटनमधला नियामकही सांगतो की अट मोडल्याचा आणि क्लेमच्या परिस्थितीचा संबंध नसेल तर क्लेम नाकारणं अवाजवी आहे. तुमच्या देशात असं कलम नसेल तर पॉलिसीचे शब्द अधिक काळजीने वाचावे लागतील. तरीही 'या अटीचा आणि या नुकसानीचा संबंध काय?' हा प्रश्न लेखी विचारायचाच. त्याला उत्तर देणं कंपनीला नेहमी सोपं जात नाही.

पण 'आग म्हणजे अलार्मशी संबंध नाही' असंही धरून चालू नका. इंग्लंडच्या अपील न्यायालयात २०१५ मध्ये निकाली निघालेलं एक प्रकरण फर्निचरच्या व्यवसायाचं होतं. बिल न भरल्यामुळे अलार्मवर बाहेरून लक्ष ठेवणारी सेवा बंद झालेली, त्या रात्री अलार्म लावलेलाही नव्हता आणि आवारात माणसं झोपलेली होती. आग लागली आणि ती मुद्दाम लावलेली होती. आत माणसं होती, मग अलार्म कशाला, हा युक्तिवाद चालला नाही. क्लेम गेला. प्रकरण घराचं नाही आणि नव्या कायद्याआधीच्या पॉलिसीचं आहे, पण धडा घरालाही लागू आहे: बाहेरचा माणूस आत शिरून आग लावतो, तेव्हा अलार्मचा संबंध येतो.

आता त्या दोन टोकांच्या मधली जागा. चोर आला वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून, जिथे सेन्सरच नव्हता, आणि अलार्म बंद होता. घरमालक म्हणतो, चालू असता तरी काय फरक पडला असता? मी नकाशा घेऊन चोराचा मार्ग आखतो. तो जिन्याने खाली आला असेल आणि जिन्यासमोर मोशन सेन्सर (हालचाल टिपणारा) असेल, तर फरक पडला असता. तो वरच्याच खोलीतून कपाट रिकामं करून परतला असेल, तर घरमालकाच्या म्हणण्यात वजन आहे. उलट परिस्थितीही असते. अलार्म लावलेला होता, सायरन वाजला, पण देखभालीचा करार दोन महिन्यांपूर्वी संपलेला. अट मोडली हे खरं. यंत्र मात्र आपलं काम करून गेलं. असा क्लेम केवळ करारावरून नाकारू नये, असं माझं ठाम मत आहे आणि तो नाकारला तर तक्रार पुढे न्यावी. आणि सायरन वाजत असतानाही चोर पाच मिनिटांत दागिने घेऊन पळाला, तर तो तुमचा दोष नाही. अट अलार्म लावण्याची होती, चोर पकडण्याची नव्हती.

'रिकामं' या शब्दावरून फार भांडणं होतात. कुटुंब झोपलं असेल तर घर रिकामं नाही, पण काही पॉलिसींमध्ये रात्री खालच्या मजल्याचा अलार्म लावण्याची वेगळी अट असते. तुम्ही मागच्या अंगणात आहात, पुढचं दार उघडं आहे, तर? शेजाऱ्याकडे दहा मिनिटं गेलात तर? आजी घरात आहेत पण झोपलेल्या, तर? व्याख्येच्या पानावर उत्तर असेल तर ते लागू. नसेल तर संदिग्ध शब्दाचा अर्थ तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा, हे विमा कायद्यातलं जुनं तत्त्व तुमच्या बाजूने आहे. दीर्घ काळ घर बंद राहण्याचा नियम याहून वेगळा. सलग ३० किंवा ६० दिवस घरात कोणी राहिलं नाही तर चोरीचं संरक्षण थांबतं, असं अनेक पॉलिसींमध्ये असतं आणि तिथे अलार्म चालू असूनही उपयोग होत नाही.

आणखी एक अट अलार्मच्या सावलीत लपून राहते: जबरदस्तीने प्रवेश. चोरीच्या भागात 'बळाचा वापर करून' असे शब्द असतील, तर उघड्या दारातून कोणी पाकीट उचलून नेलं तर ते त्यात बसत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हेच सांगितलं: पॉलिसीत घरफोडीची व्याख्या बळाच्या वापरावर बेतलेली असेल, तर बळ न वापरता झालेल्या चोरीला ती लागू होत नाही. म्हणून घरफोडीनंतर तुटलेला कोयंडा, कुलूप, वाकलेली खिडकीची चौकट फेकू नका. घर सुरक्षित करायला दुरुस्ती लगेच करावी लागते, ती करा, पण आधी फोटो काढा आणि तुटलेले भाग पिशवीत घालून ठेवा.

पुराव्याचंच बोलायचं तर अलार्मचं कंट्रोल पॅनल माझ्यासाठी साक्षीदार आहे. कोणत्या कोडने कधी लावला, कधी बंद केला, कोणता सेन्सर किती वाजता जागा झाला, वीज कधी गेली, हे त्यात नोंदवलं जातं. मालक म्हणतो अलार्म लावला होता, आणि पॅनल म्हणतं मागच्या तीन आठवड्यांत एकदाही नाही. मग पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही, आणि खोटं बोलल्यामुळे जो क्लेम कदाचित अंशतः मिळाला असता तोही धोक्यात येतो. हीच नोंद प्रामाणिक माणसाला वाचवते. पण पॅनलची स्मृती मर्यादित असते, नवीन नोंदी जुन्या पुसतात. चोरीनंतर तंत्रज्ञ येऊन पॅनल रीसेट करतो, तेव्हा कधी कधी सगळं जातं. त्याला आधी नोंदी उतरवून द्यायला सांगा. मोबाइल अॅपवर चालणारा अलार्म असेल तर त्याच दिवशी इतिहासाचे स्क्रीनशॉट घ्या.

अॅपच्या अलार्मबद्दल इथेच सांगतो. ते वाईट नसतात. पण अटीत 'मान्यताप्राप्त संस्थेने बसवलेला आणि तिच्या देखभालीखाली असलेला' असं लिहिलं असेल, तर स्वतः भिंतीला चिकटवलेला संच ती अट पूर्ण करत नाही. ब्रिटनमध्ये अशी मान्यता एनएसआय आणि एसएसएआयबी या संस्था देतात. युरोपात ईएन ५०१३१ हे मानक अलार्मची प्रत ग्रेड १ ते ४ अशी ठरवते; घरांसाठी साधारण ग्रेड २ मागितला जातो. अटीत ग्रेड लिहिला असेल तर तुमच्या प्रमाणपत्रावरचा ग्रेड त्याच्याशी जुळतो का पहा. वाय-फाय बंद पडलं की ज्या संचाचा संदेशच जात नाही, त्याच्यावर 'बाहेरून लक्ष असलेला अलार्म' अशी टीप लिहून सूट घेऊ नका.

मांजरीचा प्रश्न सुटण्यासारखा आहे आणि तो सोडवाच, कारण तुमची सगळी अडचण तिथून सुरू झाली आहे. मोशन सेन्सर हलणाऱ्या शरीराची उष्णता टिपतो. 'पाळीव प्राण्यांसाठी सुरक्षित' सेन्सर हे गृहीत धरतो की प्राणी जमिनीवरून फिरतोय. कुत्र्यासाठी ते बरंचसं जमतं. मांजर मात्र कपाटावर, पडद्याच्या दांडीवर, सेन्सरच्या अगदी समोर जाते आणि जवळून ती मोठीच दिसते. म्हणून मांजरीच्या घरात दारं-खिडक्यांना मॅग्नेटिक कॉन्टॅक्ट (दार-खिडकी उघडली की इशारा देणारे चुंबकी सेन्सर) आणि चौकटींना कंपन टिपणारे सेन्सर लावावेत, म्हणजे चोर आत येण्याआधीच अलार्म वाजतो आणि आत मांजर मोकळी फिरू शकते. मोशन सेन्सर फक्त मांजर जात नाही अशा बंद खोलीत ठेवा. हे करण्याआधी कंपनीला कळवा, कारण सेन्सर काढणं हाही 'बदल' आहे. खोट्या घंटांकडे दुर्लक्ष करण्याचा आणखी एक तोटा आहे. ब्रिटनमध्ये १२ महिन्यांत तीन खोटे इशारे गेले की पोलीस त्या घराच्या अलार्मला तातडीचा प्रतिसाद देणं थांबवू शकतात, आणि असं झालं की विमा कंपनीला कळवणं बहुधा बंधनकारक असतं.

आता तुम्ही काय करायचं. सूट किती मिळते ते कागदावर पहा आणि त्याच्यासमोर घरातल्या दागिन्यांची, उपकरणांची किंमत मांडा. अलार्म रोज लावणं तुमच्या घरात खरोखर होणार नसेल, तर सूट सोडून द्या. मला हा सल्ला द्यायला अजिबात संकोच वाटत नाही. घरात ज्येष्ठ माणसं, मुलं, कामाला येणारी माणसं असतील आणि प्रत्येकाने कोड दाबूनच बाहेर पडायचं असेल, तर कुणीतरी एक दिवस चुकणारच. कुलपांची अट पाळणं त्या मानाने सोपं असतं. काही कंपन्या मौल्यवान वस्तूंच्या मोठ्या रकमेसाठी अलार्मशिवाय विमाच देत नाहीत. तिथे सूट सोडण्याचा पर्याय नसतो, आणि तिथे तिजोरी किंवा बँकेचा लॉकर घेऊन घरातली विम्याची रक्कम कमी करणं हा खरा मार्ग.

कंपनीला पत्र लिहा, फोनवर भागवू नका. पत्र दोन परिच्छेदांचं पुरे. पहिल्यात वस्तुस्थिती: अलार्म आहे, अमुक कारणाने तो सध्या नियमित लावला जात नाही, अमुक तारखेपर्यंत सेन्सर बदलून घेत आहोत. दुसऱ्यात नेमके प्रश्न: तोपर्यंत चोरीचं संरक्षण कोणत्या अटींवर चालू राहील? अलार्मची अट काढून टाकायची असेल तर हप्ता किती वाढेल? 'घर रिकामं' म्हणजे काय? देखभालीच्या कराराची प्रत पाठवावी लागेल का? उत्तर एजंटने तोंडी दिलं तर त्याला म्हणा, हेच ईमेलवर पाठवा. आणि बदललेलं शेड्यूल हातात येईपर्यंत, मांजरीला एका खोलीत ठेवावं लागलं तरी चालेल, पण बाहेर पडताना अलार्म लावूनच निघा.